तार, वीज आणि आवाज

(आमच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सरांच्या स्मरणार्थ त्यांचे माजी विद्यार्थी दरवर्षी व्याख्यानमाला भरवतात. त्या मालेतील समारोपाच्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



या व्यासपीठावरून आजवर पाण्याबद्दल, शेतीबद्दल, संतसाहित्याबद्दल आणि अवकाशाबद्दल बोललं गेलं आहे. मी विषय कळवला, 'इलेक्ट्रिक गिटारवरचं ब्लूज आणि त्याचा टिकून राहिलेला प्रभाव', तेव्हा संयोजकांनी आस्थेनं विचारलं, की याचा सरांशी संबंध काय? संबंध आहे, आणि मी तिथूनच सुरुवात करतो.

सरांच्या घरी बाहेरच्या खोलीत व्हॉल्व्हचा रेडिओग्राम होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही चार-पाच मुलं तिकडं जायचो. सरांचे धाकटे बंधू बोटीवर नोकरीला होते आणि सुट्टीवर येताना परदेशी बंदरांतून तबकड्या आणायचे. अशाच एका शनिवारी सरांनी 'लाइव्ह ॲट द रीगल' ही तबकडी लावली. शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये २१ नोव्हेंबर १९६४ रोजी झालेला तो कार्यक्रम. गाणारा आणि गिटार वाजवणारा बी. बी. किंग. शब्द आम्हांला कळत नव्हते. एवढंच कळत होतं, की माणूस एक ओळ गातो आणि थांबतो. मग त्याची गिटार पुढं होते, ती ओळ उचलते आणि जिथं शब्द संपले तिथून पुढं नेते. समोरचे लोक गाण्याला ओरडून दाद देत होते तशीच गिटारलाही देत होते.

सरांनी सुई उचलली आणि विचारलं, "शेवटी गात कोण होतं?" एक जण म्हणाला, "तोच माणूस." सर म्हणाले, "त्याचं तोंड तर मिटलेलं होतं."

उत्तर त्यांनी दिलं नाही. वर्गातही ते प्रश्न टाकायचे आणि विचार करायला आठवडा द्यायचे. या प्रश्नाला मला बराच जास्त वेळ लागला. आज त्यांच्या तसबिरीसमोर उभा राहून त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

त्यासाठी आधी ब्लूजच्या, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या दुःखाच्या गाण्याच्या, मुलखात जावं लागेल. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात वायव्येकडं मैलोन् मैल सपाट, गाळाची, काळी जमीन आहे. तिला डेल्टा म्हणतात. तिथलं पीक कापसाचं. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, तरी कापूस वेचणारे हात तेच राहिले. काळी कुटुंबं गोऱ्या मालकाची जमीन वाट्यानं कसू लागली. बियाणं, पीठ-मीठ, कापड मालकाच्या दुकानातून उधारीवर यायचं. हंगाम संपला की हिशेब व्हायचा, आणि हिशेबाची वही मालकाच्या हातात असायची. वर्षभर राबून माणूस देणेकरीच निघायचा. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखाला हे फार समजावून सांगायला नको.

या मुलखात ज्या पोराला गिटार परवडत नसे तो केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून घ्यायचा. घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळे ठोकून ती ताणून बांधायचा, तिच्याखाली बाटली खुपसायचा आणि एका हातानं तार छेडत दुसऱ्या हातानं तिच्यावरून काच फिरवायचा. याला तिकडं 'डिडली बो' म्हणतात. आपल्याकडं एकतारी आहे. पण एकतारीची तार एका सुराला धरून राहते आणि तिच्या आधारानं माणूस गातो. भिंतीवरच्या या तारेला सूर धरून राहणं ठाऊकच नव्हतं. ती खालून वर चढायची, मध्येच रेंगाळायची, कण्हायची. म्हणजे ती गायची. इलेक्ट्रिक गिटारमधून पुढं जे जगभर पसरलं त्याचं बीज मला या भिंतीवर दिसतं.

आता सुरांविषयी थोडंसं. ब्लूजचा जीव ज्या सुरांत आहे त्यातला एक कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठंतरी राहतो. त्याची जागा पक्की नाही. गाणारा त्याच्याकडं खालून जातो आणि किती वर जायचं ते त्या क्षणाच्या दुःखावर ठरतं. गिटारला पडदे असतात. पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे ते सूर ठरवून टाकतात. पेटीवर मींड निघत नाही, या आक्षेपाचा आपल्याकडं केवढा वाद झाला, हे इथल्या जाणकारांना आठवत असेल. १९४० मध्ये रेडिओनं पेटीला दार बंद केलं ते तीस वर्षं. गिटारची गोष्ट सुदैवानं निराळी आहे. सतारिया तार पडद्यावर ओढून मींड काढतो, तशी गिटारचीही तार बोटानं आडवी ढकलता येते. ज्या गळ्यांना ठरवून दिलेल्या जागी बसणं मान्य नव्हतं, त्यांच्या हातांनी पडद्यांनाही ते मान्य होऊ दिलं नाही.

मग वीज कशाला हवी होती? हा प्रश्न गोंगाटाचा आहे, आणि गोंगाट शहराचा.

१९४१च्या ऑगस्टमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठातले संगीताचे अभ्यासक जॉन वर्क हे क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर पोचले. मॅकिन्ली मॉर्गनफील्ड नावाचा एक तरुण तिथं काम करायचा. लोक त्याला मडी वॉटर्स म्हणत. पाहुण्यांनी त्याच्याच घरात यंत्र मांडून त्याचं गाणं मुद्रित केलं आणि त्याला ऐकवलं. पुढं टपालानं तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलर आले. आपला आवाज आपल्यालाच बाहेरून ऐकू यावा, हा अनुभव मळ्यावरच्या माणसाला फार मोठा असतो. १९४३ मध्ये मडी वॉटर्स आगगाडीत बसला आणि शिकागोला गेला.

त्या वाटेवर तो एकटा नव्हता. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळ्या माणसांनी दक्षिणेतली गावं सोडून उत्तरेची आणि पश्चिमेची शहरं गाठली. १९४४च्या ऑक्टोबरमध्ये त्याच क्लार्क्सडेलजवळ कापूस वेचणाऱ्या यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. ते पाहायला जमलेल्यांपैकी अनेकांना आपले दिवस भरल्याचं त्याच दिवशी कळलं असेल.

शिकागोत मडीनं कागदाच्या कारखान्यात काम केलं, ट्रक चालवला आणि रात्री तो दारूच्या गुत्त्यांत वाजवू लागला. डेल्टात संध्याकाळी ओसरीवर वाजवलेली लाकडी गिटार चार शेतं ओलांडून ऐकू जायची. इथं ग्लासांचा खणखणाट, बोलणी, भांडणं, बाहेर गाड्या. साध्या गिटारचं कुणाला काही ऐकूच जाईना. १९४४च्या सुमारास त्याच्या हाती इलेक्ट्रिक गिटार आली. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात तर वादक आजूबाजूच्या घरांतून वायर ओढून विजेची सोय करायचे आणि रस्त्यावरच उभे राहायचे. १९४८ मध्ये मडीचं 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' निघालं. गाण्याचा घाट डेल्टाचाच, भिंतीवरच्या तारेचाच. पण ती तार आता शहराच्या विजेवर बोलत होती. गावाकडून आलेल्या हजारो माणसांना त्यात आपलं गावही ऐकू आलं आणि आपण कुठं येऊन पडलो आहोत तेही.

पण हे काम मडीच्या आधी एका बाईनं केलं होतं, आणि ते नोंदवल्याशिवाय पुढं जाणं बरोबर होणार नाही. १९४२ संपत होतं. शिकागोतल्या एका क्लबमध्ये मेंफिस मिनी ही गायिका शीतपेटीवर, लोकांच्या डोक्यांहून उंच जागी बसून इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती. ऐकणाऱ्यांत लँगस्टन ह्यूज हा थोर काळा कवी होता. त्यानं 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्रात त्यावर लिहिलं. तिच्या गिटारमध्ये त्याला कारखान्यातली यंत्रं ऐकू आली आणि त्या यंत्रांच्या आतून मिसिसिपीकाठची मातीही. नव्या वाद्याचा अर्थ सर्वांत आधी एका कवीला कळला आणि तो एका बाईच्या हातून कळला.

इथवर कुणालाही वाटेल, की वीज आली ती आवाज मोठा करायला. गरज तीच होती. पण वीज एकदा आल्यावर तिनं जे केलं ते गरजेच्या पलीकडचं होतं.

आपलंच उदाहरण घ्या. संगीत नाटकांच्या ऐन काळात ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं तर आवाज फेकावा लागे, आणि आपले गायकनट तो फेकत. पुढं ग्रामोफोन, रेडिओ आणि मायक्रोफोन आले आणि त्यांच्या सोबतीनं भावगीत वाढलं. गायकाला कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. यंत्रानं आवाज वाढवायची जबाबदारी घेतली, म्हणून माणसाला आपला आवाज लहान करता आला. इलेक्ट्रिक गिटारचंही असंच झालं. जोरानं तार छेडायची सक्ती संपली. बोटाच्या टोकाचा हलका कंपही आता शेवटच्या टेबलापर्यंत पोचू लागला.

हे कसं घडतं ते सरांनी आम्हांला फळ्यावर काढून दाखवलं होतं. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, त्याच्यावर पोलादी तार. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरेडेचा नियम, परीक्षेला हमखास येणारा. या चिमुकल्या साधनाला पिकअप म्हणतात. ते बसवलेली गिब्सन कंपनीची गिटार १९३६ मध्ये बाजारात आली. १९५० पासून लिओ फेंडरच्या कारखान्यातून पोकळ पोटाऐवजी भरीव लाकडी फळीच्या गिटारी निघू लागल्या. क्षीण वीज वाढवायचं काम ॲम्प्लिफायरमधल्या व्हॉल्व्हचं. सरांच्या रेडिओग्राममध्ये तांबूस उजेड द्यायचे तसलेच ते.

व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त दिलं की लाटेचे माथे चेपले जातात. मुळात नसलेले वरचे उपस्वर त्यात भरतात, आवाज खरखरीत होतो आणि विरायला वेळ घेतो. अभियंत्यांच्या दृष्टीनं हा बिघाड. तो होऊ नये म्हणूनच ते खपत होते. ब्लूजवाल्यांनी मात्र तो ऐकला आणि त्यांना त्यात ओळखीचं काहीतरी सापडलं. शेतात ओरडून बसलेला गळा, चर्चमध्ये प्रार्थना करताना फाटलेला आवाज. १९५१ मध्ये मेंफिसमध्ये 'रॉकेट ८८' हे गाणं मुद्रित झालं. वाटेत गिटारचा ॲम्प्लिफायर जखमी झाला होता, त्याच्या फाटक्या कर्ण्यात कागद कोंबून काम भागवलं, अशी त्याची हकीकत सांगतात. गाणं देशभर गाजलं. अनेक जण त्याला रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या गाण्यांत धरतात. आज जगातल्या कुठल्याही गावात कॉलेजची मुलं गिटारचा खटका दाबून तो खरखरीत आवाज काढतात. तो आवाज म्हणजे मुळात एक मोडकं यंत्र आणि त्याला नाकारायची सोय नसलेली माणसं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आता मी बी. बी. किंगकडं येतो. त्याच्याजवळ मला थोडा जास्त वेळ थांबायचं आहे.

१६ सप्टेंबर १९२५ रोजी मिसिसिपीत त्याचा जन्म झाला. लहानपणी कापूस वेचला, मोठेपणी मळ्यावर ट्रॅक्टर चालवला. तरुणपणी तो मेंफिसला गेला आणि नात्यातल्या बुका व्हाइटकडं राहिला. बुका व्हाइट हा डेल्टाचा जुना जाणता गायक. तो बोटात धातूची नळी घालून ती तारांवरून सरकवायचा आणि गिटारला रडवायचा. किंगला ती नळी काही केल्या जमली नाही. पण तो आवाज त्याच्या कानात घर करून बसला. मग त्यानं नळी सोडली आणि सुरावर बोट रोवून सगळा हात हलवायला सुरुवात केली. अंगठा गिटारच्या मानेपासून सुटा, तळवा मोकळा, बोटाच्या एका टोकावर हात फुलपाखराच्या पंखांसारखा थरथरतो आहे: त्याची चित्रफीत पाहिलीत तर हे दृश्य विसरणार नाही. न जमलेल्या गोष्टीतून त्याचा सूर जन्मला. टी-बोन वॉकर या टेक्सासच्या वादकाची १९४७ची 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' ही तबकडी त्यानं ऐकली आणि आपल्याला इलेक्ट्रिक गिटारच हवी, हे त्याचं नक्की झालं. टी-बोननं एकेका सुराची ओळ वाक्यासारखी वाजवायची वाट घालून दिली होती. त्या वाटेवर किंगनं आपला कंप नेला.

लाकडी गिटारवर सूर छेडला की क्षणात विरतो. त्याला हलवायला वेळच मिळत नाही. विजेनं सुराला आयुष्य दिलं. किंगला एक सूर लावून त्याच्याकडं पाहत थांबता येऊ लागलं. सुरुवातीला सरळ, मग हळूच कंप, मग कंप वाढतो, मग सूर आपणहून मावळतो. गवई षड्ज लावतो तेव्हा तोही हेच करतो. गाताना एकाच वेळी वाजवणं त्याला जमत नसे, असं तो स्वतः सांगायचा. त्यामुळं तो गायचा तेव्हा गिटार गप्प, आणि गिटार बोलायची तेव्हा तो गप्प. दोघांत संवाद व्हायचा.

त्या गिटारला नाव होतं, ल्युसील. १९४९च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातल्या ट्विस्ट नावाच्या गावी एका नृत्यगृहात तो वाजवत होता. उबेसाठी घासलेटचं पिंप पेटवून मधोमध ठेवलं होतं. दोन पुरुषांचं भांडण जुंपलं, पिंप कलंडलं आणि आग भडकली. किंग बाहेर पळाला, गिटार आत राहिल्याचं लक्षात आलं तसा आत परत शिरला आणि ती घेऊन कसाबसा निसटला. भांडण ज्या बाईवरून झालं तिचं नाव ल्युसील होतं. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण राहावी म्हणून त्यानं त्या गिटारला आणि पुढच्या प्रत्येक गिटारला तेच नाव दिलं. ती गिटार महाग नव्हती. तरी तो आगीत का गेला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते वस्तू विकत मिळते, आवाज विकत मिळत नाही. आणि तो आपला आवाज आणायला आत गेला होता.

प्रभाव म्हणजे काय, हे इथं कळतं. किंगच्या जागा पुष्कळांनी उचलल्या. पण त्याचं खरं देणं एका अपेक्षेत आहे: वादकानं एक सूर लावावा आणि ऐकणाऱ्यानं डोळे मिटून नाव सांगावं. अल्बर्ट किंग हा दुसरा वादक डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा. त्यामुळं इतर वादक ज्या तारा वर ढकलत त्या तो खाली ओढायचा, आणि त्याचा सूर कुणाच्याच सुरासारखा नव्हता. बडी गाय या तिसऱ्या वादकाचा सूर घाईत उंबरा ओलांडणाऱ्या माणसासारखा. तिघांकडं तेच बारा स्वर होते. शिवाय हे सगळे कामगार, मजूर, ट्रॅक्टर चालवणारे. ज्या समाजानं त्यांना हात म्हणूनच मोजलं, त्या समाजात त्यांनी आपल्या हातांना प्रत्येकी वेगळा आवाज मिळवून दिला. ही गोष्ट मला संगीताइतकीच नागरिकत्वाची वाटते.

हा आवाज समुद्र ओलांडून गेला त्याची कथा अनेकांना माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९५८ मध्ये मडी वॉटर्स इंग्लंडला गेला. तिथल्या रसिकांची ब्लूजची कल्पना लाकडी गिटार आणि शेतकरी अशी होती. मडीची विजेची गिटार ऐकून पुष्कळ जण दचकले. १९६३ मध्ये तो पुन्हा गेला तेव्हा आठवणीनं लाकडी गिटार घेऊन गेला, तर आता तरुण मंडळींना विजेचीच हवी होती. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर दूरचित्रवाणीसाठी कार्यक्रम झाला. सिस्टर रोझेटा थार्प ही भक्तिगीतं गाणारी बाई जाड कोट घालून ओल्या फलाटावर उभी राहिली, तिनं पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली आणि पावसाचंच गाणं सुरू केलं. समोरच्या फलाटावर कुडकुडणारी गोरी पोरं टाळ्या वाजवत होती. ती फीत आजही पाहायला मिळते. जमलं तर जरूर पाहा.

त्या पिढीतल्या काही पोरांनी मडीच्या एका गाण्यावरून आपल्या चमूचं नाव 'रोलिंग स्टोन्स' ठेवलं. एरिक क्लॅप्टननं १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या चमूबरोबर मुद्रण करताना मार्शलचा ॲम्प्लिफायर मोठा ठेवायचा हट्ट धरला. आवाज लहान केला तर सुराचा पोत जातो, हे तो शिकागोच्या तबकड्या ऐकूनच शिकला होता. त्याच वर्षी सिएटलचा जिमी हेंड्रिक्स लंडनला पोचला. काळ्या गायकांच्या मागं उभा राहून वर्षानुवर्षं वाजवलेला हा तरुण. १८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत एकट्या गिटारवर वाजवलं. व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं. ओळखीची धून मध्येच फाटते, विमानांसारखं काही घोंगावतं, काही कोसळतं, आणि धून पुन्हा उभी राहते. शब्द एकही नाही. पण त्या काळाबद्दल त्याहून स्पष्ट विधान मी ऐकलेलं नाही. मेंफिस मिनीच्या वाद्यात ह्यूजला यंत्रं ऐकू आली होती. सत्तावीस वर्षांनी त्याच वाद्यात एका देशाची अवस्था ऐकू आली.

या वारशाला एक कडू बाजू आहे, आणि सरांसमोर ती झाकून ठेवता येणार नाही. ज्यांच्या सुरांवर जगातली मोठमोठी सभागृहं भरली त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला त्याचं मोल फार उशिरा आलं, काहींच्या आलंच नाही. मडी वॉटर्सची कितीतरी गाजलेली गाणी विली डिक्सननं लिहिलेली. त्यातल्या एका गाण्याचे शब्द १९६९ मध्ये लेड झेपेलिन या चमूच्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये श्रेय न देता आले. डिक्सननं १९८५ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. वाट्याची शेती आणि मालकाची वही आठवा. माणसं शहरात आली, वही मात्र त्यांच्या मागोमाग आली. पण डिक्सननं पुढं जे केलं ते मोठं आहे. वादकांना त्यांचे हक्क कळावेत आणि मिळावेत म्हणून त्यानं संस्था उभारली. आज ती शिकागोच्या साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवर, २१२० क्रमांकाच्या इमारतीत आहे. चेस या ज्या तबकड्यांच्या कंपनीसाठी त्यानं ती गाणी लिहिली तिचीच ती जुनी वास्तू. ज्या घरात हिशेब चुकला त्याच घरात तो नीट करायला शिकवायचं, याला मी वारशाची खरी जोपासना म्हणेन.

प्रभाव नेहमी एकाच दिशेनं वाहत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा अली फारका तुरे गिटार वाजवायचा. अमेरिकन ब्लूज ऐकून, हे तर आमचंच आहे, असं तो म्हणे. गुलामांच्या जहाजांतून गेलेले सूर तो घरी परत आलेले पाहत होता. सहारातल्या तुआरेग लोकांचा 'तिनारिवेन' हा चमू याहून पुढचा. त्याचा म्होरक्या लहानपणी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून गिटार करायचा. मिसिसिपीतली भिंत आणि सहारातला डबा यांच्यात एक महासागर आहे. पण परागंदा झालेल्या लोकांना आपलं दुःख सांगायला दोन्हीकडं एक ताणलेली तार पुरली, आणि पुढं दोन्हीकडं तिला वीज जोडली गेली.

आपल्याकडं हा सूर येऊन पोचला आहे. २०११ पासून मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव होऊ लागला आणि पहिल्याच वर्षी तिथं बडी गाय आला. तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. शिलाँगच्या 'सोलमेट'सारख्या आपल्या मंडळींनी तिथं वाजवलं आहे. बडी गायची एक रीत जगभर प्रसिद्ध आहे. गिटार गर्जत असताना तो एकाएकी आवाज कमी कमी करत नेतो, इतका की बोटं तारेवर घासल्याचं ऐकू यावं. हजार माणसं श्वास धरतात. ज्या वाद्याला गोंगाटावर मात करायला वीज जोडली, त्याच वाद्यानं तो हजार माणसांत शांतता करतो. या संगीताचं सगळं शिक्षण मला त्या एका कृतीत दिसतं.

आणखी एक योग सांगतो. १९७७ मध्ये अमेरिकेनं सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज मुद्रित केलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर टेक्सासच्या आंधळ्या विली जॉन्सनची गिटार आहे, तारेवर काहीतरी घासत वाजवलेली, नुसत्या हुंकाराच्या साथीनं. तिच्यावर चक बेरीची इलेक्ट्रिक गिटार आहे; त्याला चेस कंपनीची वाट मडी वॉटर्सनं दाखवली होती. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. हे सगळे सूर आज सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांच्या पलीकडं एकत्र निघाले आहेत. विली जॉन्सनच्या त्या गाण्यात शब्द नाहीत. शब्द संपल्यावर उरतं तेच दूरवर जातं, असं तबकडीसाठी निवड करणाऱ्यांनाही कदाचित वाटलं असेल.

शेवटाकडं येतो.

सरांच्या शेवटच्या वर्षी आजारानं त्यांचा आवाज गेला होता, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. ज्या आवाजानं आम्हांला फॅरेडे शिकवला, ओरडून रांगेत उभं केलं, तो गेला. पाटीवर लिहून ते बोलायचे आणि लिहायचाही त्यांना कंटाळा यायचा. मी भेटायला गेलो तेव्हा रेडिओग्राम केव्हाच भंगारात गेला होता. मी मोबाइलवर तेच मुद्रण लावलं, रीगल थिएटरचं. सर डोळे मिटून ऐकत होते. किंगनं ओळ गायली, थांबला, गिटारनं सूर लावला आणि धरून ठेवला. सरांचा डावा हात चादरीवर होता. त्याचं एक बोट चादरीत रुतलं आणि हात हलकेच थरथरला, त्या सुरापुरता. मग थांबला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. पाटी जवळच होती, पण त्यांनी ती घेतली नाही.

बी. बी. किंग १४ मे २०१५ रोजी गेला. इंडियानोला या त्याच्या गावी ज्या सरकी काढण्याच्या कारखान्यात तो कधीकाळी कामाला होता, ती विटांची इमारत आज त्याच्या नावाच्या संग्रहालयाचा भाग आहे आणि त्याच आवारात त्याला पुरलं आहे. कापूस, वीज आणि तो सूर, सगळं एका जागी.

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी तुमच्या हाताकडं पाहून लिहून घेतलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं, हे खरं. पण आमच्यातला तो मुलगा चुकला नव्हता. गात होता तो तोच माणूस होता.